भरेल दोनशे चौऱ्याऐंशी

रंजिताच्या तोंडाला झाकण नाही असं अख्खं कोरीट गाव म्हणतं, आणि ते काही खोटं नाही. बसमध्ये बसली तर कंडक्टरशी, बाजारात गेली तर भाजीवालीशी, कोणीच नसलं तर मोबाइलमधून बोलणाऱ्या बाईशी तिचं वाजलंच म्हणून समजा. पण शहाद्याच्या तपासणी केंद्रात त्या करड्या मीटरसमोर बसली की बाई एकदम गप्प. "हात लावू नका. उभं राहायचं तर भिंतीकडे राहा." बस्स, एवढंच.

मीटर म्हणजे घराच्या दारावर लटकतं ते नव्हे. यंत्र चालू असताना खरोखर किती वीज ओढतं ते सेकंदासेकंदाला टिपणारं, जेवणाच्या दोन डब्यांएवढं ते खोकं. दरवर्षी मोठ्या प्रयोगशाळेत जाऊन त्याने स्वतःचीच परीक्षा द्यायची आणि दाखला घेऊन परत यायचं. आजूबाजूचे केळीवाले, ऊसवाले नवी मोटर घेण्याआधी इथे आणायचे. कंपनीने मोटरवर काय छापलंय ते राहू द्या, रंजिताताई काय सांगते ते सांगा, अशी तिची वट होती.

तिच्या नोंदवहीत रकाने दोनच, भरेल आणि खाली. ही तिच्या बापाची देणगी. सुपडूअप्पा एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर बसले. उसाची गाडी आली की आधी भरलेली तोलायची, ऊस टाकून परतली की रिकामी तोलायची, आणि भरेलमधून खाली वजा करायचं. आमच्या अहिराणीत भरेल म्हणजे भरलेली आणि खाली म्हणजे रिकामी. शेंबड्या पोराला कळतं. रंजिता काट्याच्या खिडकीत बसून पाढ्यांच्या आधी हे दोन शब्द शिकली. पुढे विजेची पदवी घेतली, जाडजूड इंग्रजी पुस्तकं पालथी घातली, तरी यंत्र पुऱ्या कामाला जुंपलं की तिच्या पेनातून 'भरेल' उतरायचं, आणि यंत्र नुसतंच चालू असून काम करत नसलं की 'खाली'. वीस-बावीस गावांत कोणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

पोळ्याच्या आठवड्यात केंद्रात सर्व्हर आला. सर्व्हर म्हणजे कॉम्प्युटरचा थोरला भाऊ. चपटी पेटी, आत पंखे, आणि सारखी गुरगुर. तो जायचा होता तळोद्याच्या वर, डोंगरातल्या एका दवाखान्यात. दवाखाना चालवणारी संस्था पुण्याची. वर तारेच्या विजेचा भरवसा नाही, म्हणून सगळा कारभार छतावरच्या सोलरवर आणि त्याच्या बॅटऱ्यांवर. लसींचा फ्रिज त्यांच्यावर, ऑक्सिजनचं यंत्र त्यांच्यावर, आणि कमी वजनाच्या बाळांना ठेवायची गरम पेटीही त्यांच्यावरच. सर्व्हरने दिवसभरातले एक्स-रे साठवायचे आणि रात्री रेंज मोकळी झाली की पुण्याच्या डॉक्टरांकडे पाठवायचे. म्हणजे त्याचं खरं काम नेमकं सूर्य नसताना. म्हणून संस्थेची अट होती की पुऱ्या कामावर सर्व्हरने दीडशे वॅटच्या आत राहावं. वर गेला तर बॅटऱ्या पहाटेआधीच संपणार आणि बाळाची पेटी थंड पडणार.

सर्व्हरबरोबर कंपनीचा ललित आला होता. मूळचा इथलाच, तापीकाठचा. आता सुरतेत राहून मराठी अगदी पुस्तकातल्यासारखी बोलायला शिकलेला. शर्टाला कडक इस्त्री आणि जिभेला तूप. "ताई, आमचा माल म्हणजे डोळे झाकून घ्या," तो म्हणाला.

"डोळे झाकले तर आकडा कोण वाचेल?" रंजिता म्हणाली आणि गप्प झाली.

सर्व्हरच्या मागे विजेच्या दोन वायरी होत्या. दोन्ही तिने एकाच पट्टीत घातल्या आणि पट्टी मीटरला जोडली. हवा आत शिरते त्या तोंडाशी तापमापक लावला. मग पुऱ्या कामापासून सुरुवात करून दहा-दहा टक्क्यांनी काम उतरवत नेलं, शेवटी काहीच काम नाही, नुसता जागा. अर्धा दिवस त्यात गेला. संध्याकाळी तिने वहीत लिहिलं: 'खाली १३८, भरेल २८४', आणि खाली सही ठोकली. केंद्राचे मालक हेमकांतदादा दारात आले, त्यांना तिने तिथल्या तिथे सांगितलं, "दादा, नापास शे. डबल वीज खास." म्हणजे ठरल्याच्या जवळजवळ दुप्पट वीज खातो.

"बरं बरं," दादा म्हणाले. त्यांच्या पुतण्याच्या साखरपुड्याची गडबड होती. पुण्याला घाई होती, म्हणून त्यांनी अहवाल टाईप करायचं राहू दिलं आणि वहीच्या पानाचा फोटोच पाठवून दिला. पुण्याने आपल्या नमुन्यात अहवाल बनवून धाडला, दादांनी शिक्का मारला आणि परत पाठवला. वाचला की नाही, ते देव जाणे.

आठ दिवसांनी, बुधवारी दुपारी, रंजिताला फोन आला. वरच्या दवाखान्याच्या सिस्टर जसोदाबाई पावरा. आवाजात आनंद मावत नव्हता.

"ताई, तुमचे आभार मानायचे होते. सर्व्हर पास झाला म्हणे. उद्या बसवायला येतायत. शनिवारी दुपारी मी ताब्याची सही करायची आहे. मला फक्त एक विचारायचं होतं, रात्रभर पुरेल ना? माझ्याकडे आता एक बाळ आहे, तेराशे ग्रॅमचं."

"पास?" रंजिता उभीच राहिली. "कोणी सांगितलं पास?"

"कागद आहे की. तुमची सही आहे त्यावर."

कागदाचा फोटो आला. रंजिताने तो एकदा वाचला, पुन्हा वाचला. वर तिच्याच नोंदीचा फोटो, तिचीच सही, आणि खाली पुण्याच्या कुणा भल्या माणसाने टाईप केलं होतं: 'केंद्राच्या नोंदीनुसार सर्व्हरचा वीजवापर १३८ वॅटच्या खाली आहे. पुढील काळात साठवण २८४ पर्यंत भरेल. मंजूर.' शेजारी केंद्राचा शिक्का.

खाली म्हणजे त्याच्या लेखी खालीच. भरेल म्हणजे पुढे कधीतरी भरेल. बिचाऱ्याने शाळेत शिकवलेली मराठी वाचली होती. चूक त्याची नव्हती. चूक कोणाची ते रंजिताला लख्ख दिसत होतं, आणि ते गिळता येत नव्हतं. काट्यावरची बोली तिने पुण्याला पाठवायच्या कागदावर लिहिली होती. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

ती तडक दादांच्या खोलीत गेली. समोर ललित चहा पीत बसला होता.

"दादा, हाऊ कागद तुम्ही वाचा का?"

हेमकांतदादांनी कागद पाहिला, ललितकडे पाहिलं, आणि पुन्हा कागदाकडे. "रंजिता, बठ. पानी पी."

"पानी नको. हाई खोटं शे. दोनशे चौऱ्याऐंशी शे त्याना खर्च. मी तुमले सांगेल व्हतं, नापास शे म्हनीसन."

"सांगं व्हशी. पन लिखं काय? अक्षर तुन्हं, सही तुन्ही."

ललितने कप खाली ठेवला. "ताई, पुण्याच्या माणसाने शुद्ध मराठी वाचली. व्याकरण तर बरोबर आहे."

"तू कोणत्या गावचा रे?" रंजिता त्याच्याकडे वळली. "तुझ्या आजाने ऊस घातला नाही कारखान्याला? खाली म्हणजे काय ते तुला ठाऊक नव्हतं? त्या दिवशी माझ्या शेजारी बसून तू आकडा वाचलास ना?"

"मला कोणी अर्थ विचारला नाही," ललित म्हणाला आणि हसला. त्या हसण्याने तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

"आते आयक," दादा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "ललितनी कंपनी सगळी यंत्रं आपलेच तपासाले दी ऱ्हायनी. नि दुरुस्ती पाठाडी, तर पुनावाला काय म्हनतीन? ह्या केंद्रले लिखता येत नही. मान्यता जाई. तुन्हं नाव बी जाई. झाकली मूठ झाकेल ऱ्हाऊ दे."

"वर तेराशे ग्रॅमनं पोर शे, दादा."

दादांनी ड्रॉवर उघडून कागद चाळायला घेतले. ललित मात्र म्हणाला, "रोज रात्री थोडंच पुरं काम असतं?"

"रोज रात्रीच असतं. त्याच्यासाठीच घेतलाय तो," रंजिता म्हणाली आणि दार आपटून बाहेर पडली.

घरी गेली तेव्हा अप्पा ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. तिने सगळं सांगितलं. वाटलं होतं, अप्पा दादांना शिव्या घालतील, ललितच्या सात पिढ्या काढतील. अप्पांनी शेंग सोलायची थांबवली आणि तिलाच झापलं.

"मी तुले काटानी भाषा शिकाडी, अन् तू ती पुनाले धाडी? अव बाई, काटावर गाडीवाला समोर उभा ऱ्हास. काय समजनं नही ते इचारी लेस. कागदले कोन इचारी?"

"चुकनं मन्हं, अप्पा."

"चुकनं ना? मग तूच जाय अन् तूच सांग. चूक तुन्ही, ते निस्तरानं काम दुसरानं कसं व्हई?" अप्पा पुन्हा शेंगांकडे वळले. दोन शेंगा सोलून म्हणाले, "मीटर बराबर लई जाय. नुस्तं तोंड लई जाशी तर कोनी आयकाव नही, तुन्हं तोंड सगळासले माहीत शे."

गुरुवारी सकाळी केंद्र उघडताच रंजिताने मीटर पेटीत घातलं. चोरून नाही. बाहेर नेण्याच्या वहीत तारीख, वेळ, 'फेरतपासणीसाठी, तळोद्याच्या वरचा दवाखाना' असं स्वच्छ लिहिलं, सही केली, आणि दादा येण्याआधी बस धरली. तळोद्याला उतरून जीप. जीपवाल्याने पेटी टपावर टाकायला सांगितली, तेव्हा ती त्याच्या अंगावर अशी काही धावली की त्याने पेटीसाठी पुढची जागा मोकळी करून दिली. वळणावळणाने दीड तास ती पेटीला धरून बसली होती. हेमकांतदादांचे सहा फोन आले. तिने एकही उचलला नाही, कारण उचलला असता तर जीपमधल्या बारा माणसांसमोर भांडण झालं असतं, आणि ते तिला आत्ता परवडणारं नव्हतं.

दवाखाना म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या, पण चकचकीत. जसोदाबाई दारातच भेटल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, केस घट्ट बांधलेले. रंजिताने चप्पल काढायच्या आधी सांगून टाकलं.

"सिस्टर, तो कागद चुकीचा आहे. माझ्याच लिहिण्यामुळे चुकला. सर्व्हर नापास आहे. मी तुम्हाला डोळ्यांसमोर दाखवायला आलेय."

जसोदाबाईंनी तिला नीट पाहून घेतलं. "स्वतःची चूक सांगायला इतक्या वर कोणी येत नाही," त्या म्हणाल्या. "या. आधी बाळ बघा, मग मशीन."

काचेच्या पेटीत बाळ झोपलं होतं. मुठी दोन बोरांएवढ्या. रंजिताला रडायचं नव्हतं, म्हणून ती रागावली आणि झपाझप सर्व्हरच्या खोलीत गेली.

ललित आणि त्याची माणसं सर्व्हर बसवून मोकळी झाली होती. रंजिताला बघून त्याची इस्त्री थोडी चुरगळली, पण जीभ शाबूत होती. "या ताई! करा ना तपासणी. आम्ही कशाला घाबरू? तुम्ही लॅपटॉपवरून काम सुरू करा, मीटर मी जोडतो."

खरं म्हणजे तिने मीटरला दुसऱ्याचा हात लागू द्यायला नको होता. पण सर्व्हरला पुऱ्या कामाला लावायचा प्रोग्रॅम अडला होता, ती लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली आणि बोलायचं राहून गेलं. पंख्यांचा आवाज चढत गेला. सर्व्हर पुऱ्या कामाला लागला. दारात दोन नर्स, बाळाची आई, तिची सासू, पाणी भरणारा माणूस अशी सगळी गर्दी झाली होती.

"वाचा," ललित म्हणाला. "मोठ्याने वाचा."

रंजिताने मीटरकडे पाहिलं. एकशे बेचाळीस.

"दीडशेच्या आत!" ललितने टाळी वाजवली. "सिस्टर, कागद बरोबर होता."

रंजिताने आकडा पुन्हा वाचला. पुऱ्या कामावर एकशे बेचाळीस? मग त्या दिवशी दोनशे चौऱ्याऐंशी कुठून आलं? अर्धा दिवस काढून मोजलेला आकडा तिला क्षणभर स्वप्नासारखा वाटला. इतक्या लोकांसमोर, आपणच बोंब मारत आलो आणि आपणच खोटे ठरलो, या विचाराने तिच्या तोंडून शब्द फुटेना. रंजिताच्या तोंडून शब्द फुटेना!

जसोदाबाई खाली वाकल्या. गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी सर्व्हरच्या मागे पाहिलं, जशा त्या सलाइनची नळी तपासत असतील तशा, बोटाने वायर धरत धरत.

"ही तुमच्या मीटरमध्ये जाते," त्या म्हणाल्या. "आणि ही दुसरी कुठे जाते?"

दुसरी वायर ललितच्या बॅगेमागून थेट भिंतीतल्या प्लगमध्ये गेली होती.

"ती राखीव आहे," ललित घाईने म्हणाला. "जादाची. एक बंद पडली तर असावी म्हणून."

आणि रंजिताचा आवाज परत आला, तो असा परत आला की बाळाच्या पेटीजवळच्या नर्सने दार लोटून घेतलं. "राखीव? राखीव काय रे! दोन्ही वायरी वीज पितात, निम्मी-निम्मी! एका थानाचं दूध मोजतोस आणि म्हैस कमी देते म्हणतोस?" तिने दुसरी वायर उपसली, दोन्ही पट्टीत घातल्या, पट्टी मीटरला लावली. "या सगळ्यांनी. पुढे या. ज्याला वाचता येतं त्याने वाचावं."

पुढे आली ती बाळाची आई. सातवीपर्यंत शिकलेली, लाजरी. तिने बोट लावून वाचलं, "दोन, आठ, चार."

"किती पायजे होतं?" जसोदाबाईंनी ललितला विचारलं.

ललित मोबाइल बघत होता. जसोदाबाईंनी पावरी बोलीत सगळ्यांना सांगितलं, या मशीनने रात्री किती वीज ओढली तर पेटी किती वाजता बंद पडेल ते. रंजिताला शब्द कळले नाहीत, पण बाळाची आजी कमरेवर हात ठेवून ललितकडे ज्या नजरेने बघायला लागली ती कळली. ललितने बॅग उचलली. जाता जाता मात्र सुनावून गेला. "सिस्टर, तुम्ही सही करा नाहीतर करू नका. संस्था कागदावर चालते. कागदावर शिक्का आहे आणि तो मंजूर म्हणतो. शनिवारी पुण्याहून फोन आला की तुम्हीच घाबरून सही कराल."

तो बोलला ते खरं होतं, हेच वाईट होतं. रंजिताने तिथेच बाकावर बसून नवा अहवाल लिहिला, शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द चावून. पहिल्या ओळीत लिहिलं: 'माझ्या आधीच्या नोंदीतील खाली म्हणजे काम नसताना आणि भरेल म्हणजे पूर्ण काम असताना; स्थानिक बोली वापरल्याने अर्थाचा अनर्थ झाला, ही चूक माझी आहे.' मग दोन्ही आकडे, दोन्ही वायरींची नोंद, आणि शेवटी 'नामंजूर'. जसोदाबाईंनी साक्षीदार म्हणून सही केली. आता राहिला केंद्राचा शिक्का, आणि तो हेमकांतदादांच्या ड्रॉवरमध्ये होता.

शुक्रवारी सकाळी दहाला रंजिता केंद्रात पोचली, तर तिच्या खोलीला कुलूप. दादा आपल्या खोलीत बसलेले. तिने मीटर टेबलावर ठेवलं, वहीत 'परत, सुस्थितीत' लिहिलं आणि अहवाल पुढे केला.

दादांनी तो वाचला. या वेळी नीट वाचला. "हाई पहिली ओळ काढ. मंग मारस शिक्का."

"ती काढी तर दोन्ही कागद खराच वाटतीन. पुनावालासले कसं कळी कोनता खोटा?"

"त्यामा आपली इज्जत जास, रंजिता!"

"आपली नही, मन्ही. चूक मन्ही लिखेल शे, तुम्हनी नही."

"तर मंग घर जाय," दादा म्हणाले. त्यांचा हात ड्रॉवरवर होता. "चावी आते भेटनार नही."

"ठीक शे," रंजिता म्हणाली. घरी मात्र गेली नाही. बाहेर येऊन केंद्राच्या पायरीवर, दाराच्या अगदी मधोमध बसली. आत जाणाऱ्याला तिला ओलांडल्याशिवाय जाता येऊ नये अशी.

पहिले आले रूपचंद. साठीचे, केळीचे मोठे बागायतदार, टेम्पोत नवी मोटर घालून. "काय व आंडेर, बाहेर काबर बठनी?" लेकीला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

रंजिताने सांगितलं. सगळं सांगितलं, खाली आणि भरेलसकट, स्वतःच्या चुकीसकट. अहवालाची पहिली ओळ वाचून दाखवली. रूपचंदांनी टोपी मागे सारली.

"अरे देवा! हाई ते काटानं बोलनं शे. खाली म्हंजे खाली! पुनावालासले इतलं बी समजनं नही?" आणि ते खो खो हसले. मग हसू ओसरलं. "पन ह्या ललितले समजनं व्हई. तो ते तापीकाठना शे."

"त्याले समजनं. अन् दादासले बी."

रूपचंद टेम्पोच्या फळीवर बसले. त्यांच्यामागून प्रकाशा गावाकडचे दोघं भाऊ मोटर घेऊन आले, त्यांना रूपचंदांनीच गोष्ट सांगितली, दुप्पट तिखट लावून. मग चहावाला आला. मग आणखी चौघं. मोटरी टेम्पोत, माणसं पायरीवर आणि गोष्ट तोंडातोंडी चाललेली. काटा मारणाऱ्यांचा राग आमच्या मुलखात पिढ्यानपिढ्यांचा आहे, तो उकरायला फार खोल जावं लागत नाही. साडेअकराला दादा दारात आले.

"काय गर्दी शे हाई? मोटरी खोलीमा आना, दुसरा मानूस तपासी दी."

कोणी हललं नाही. रूपचंद फळीवरूनच म्हणाले, "हेमकांत, एक सांग. मन्ही मोटर उद्या नापास व्हयनी अन् तिना कंपनीवाला तुले चहा पाजाले उना, तर तू तिले बी असाच शिक्का मारशी का?"

"अण्णा, तसं काय बोलतस?"

"मी इचारी ऱ्हायनू. मन्ही मोटर टेम्पोमाच शे. तू सांग, उतारू का परत लई जाऊ?"

हेमकांतदादा पायरीवरच्या माणसांकडे बघत राहिले. यातल्या अर्ध्यांच्या मोटरी त्यांच्या केंद्रात तपासल्या गेल्या होत्या, यातल्या दोघांबरोबर ते शाळेत होते. दादा वाईट माणूस नव्हते हो. पण घाबरलेला माणूस काय काय करतो, ते त्यांनी दोन दिवसांत करून दाखवलं होतं. ते आत गेले आणि चावी घेऊन आले.

"हाई ले. खोली उघड. लोक खोळंबनात."

रंजिताने चावी घेतली नाही. "आधी शिक्का."

"पहिली ओळ..."

"पहिली ओळसकट."

दादांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग आत जाऊन शिक्का आणि शाईची डबी घेऊन आले. टेबलही नव्हतं, रूपचंदांनी मोटरीचं खोकं पुढे सरकवलं, त्यावर कागद ठेवला. दादांनी शिक्का टेकवला, न टेकवल्यासारखा, आणि लगेच उचलला. निम्मी अक्षरं उमटली, निम्मी कुठे गेली त्यांनाच ठाऊक.

रंजिताने कागद उचलून उजेडात धरला, मग परत खोक्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी कडा दाबून धरल्या.

"परत मारा, दादा," ती म्हणाली. "जोरमा मारा. पुनाले वाचता येवाले पाहिजे."